दहा अँपिअरचा लाल फ्यूज

आमच्या गाडीचा पार्किंग दिव्यांचा फ्यूज २ ऑगस्ट ते २४ ऑगस्ट २०२५ या तीन आठवड्यांत अकरा वेळा उडाला. गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. बाबांनी ती निवृत्तीनंतर घेतली आणि आता ती मी चालवते. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत होती आणि नूतनीकरणासाठी ती वडाळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात निरीक्षकांसमोर उभी करायची होती. मागचे दिवे न लागणारी गाडी तपासणीत उत्तीर्ण होणार नाही हे उघड होते. त्यामुळे हा दोष कधीतरी सवडीने शोधू, असे म्हणण्याची सोय आम्हाला नव्हती. ज्यांना विजेतले काही कळत नाही आणि ज्यांच्या गाडीचा एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो आहे, त्यांच्यासाठी मी हे घडले त्या क्रमाने लिहीत आहे. ऑगस्टमध्ये मला स्वतःला असे काही वाचायला मिळाले असते तर पैशांपेक्षाही मनःस्ताप पुष्कळ वाचला असता.

२ ऑगस्टला, शनिवारी रात्री, मी ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळीला परतत होते. महामार्गावरून खाली उतरून सिग्नलला थांबले तेव्हा शेजारच्या रिक्षाचालकाने हाताने खुणावले आणि म्हणाला, "ताई, मागचे लाइट बंद आहेत. ब्रेक मारलात तेव्हा गाडी दिसली." मी गाडी कडेला घेऊन पाहिले. मागचे दोन्ही लाल दिवे, पुढचे दोन्ही पार्किंग दिवे आणि नंबरपाटीवरचे दिवे बंद होते. मीटरच्या आकड्यांमागचा उजेडही गेलेला होता, परंतु महामार्गावरच्या दिव्यांच्या प्रकाशात ते माझ्या लक्षात आले नव्हते. हेडलाइट आणि ब्रेकचे दिवे मात्र चालू होते, कारण त्यांचे फ्यूज वेगळे असतात. या दोषाचा धोका नेमका इथे आहे. पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असल्यामुळे चालवणाऱ्याला काही बिघडल्याची शंकाच येत नाही आणि मागून येणाऱ्याला मात्र गाडी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीअरिंगच्या खाली उजव्या बाजूला असलेली फ्यूजची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा छापलेला असतो आणि पुष्कळ गाड्यांत तिथेच फ्यूज उपसण्याचा प्लॅस्टिकचा चिमटाही अडकवलेला असतो. 'टेल' असे लिहिलेल्या जागेवर लाल रंगाचा, दहा अँपिअरचा फ्यूज होता आणि त्याच्या मधली पट्टी तुटलेली होती. फ्यूजचे रंग ठरलेले असतात, ते लक्षात ठेवावेत : लाल म्हणजे दहा, निळा पंधरा, पिवळा वीस आणि हिरवा तीस अँपिअर. मी दहा रुपयांचा नवा लाल फ्यूज लावला, दिवे लागले आणि विषय संपला असे वाटले. बाबांना गाडीचा प्रत्येक खर्च वहीत लिहिण्याची सवय आहे. त्यांनी तारीख घालून 'टेल फ्यूज, रु. १०' अशी नोंद केली. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमेसाठी आम्ही डोंबिवलीला भावाकडे गेलो. संध्याकाळी निघताना डिकीत सामान भरले, डिकी लावली, दिवे सुरू केले आणि फ्यूज गेला. १४ तारखेला सोसायटीच्या आवारातच तिसरा गेला. फ्यूज एकदाच उडाला तर तो जुना झाला होता असे म्हणून सोडून देता येते, पण बारा दिवसांत तिसऱ्यांदा उडाल्यावर तसे म्हणता येईना.

१६ ऑगस्टला, गोपाळकाल्याच्या दिवशी, भर पावसात जवळच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. हॅचबॅकच्या डिकीकडे जाणारी वायरिंग छतातून बाहेर पडून एका रबरी नळीतून डिकीच्या दारात शिरते, आणि दार हजारो वेळा उघडमीट झाल्यावर त्या नळीतल्या वायरी तुटतात किंवा सोलतात, असे त्यांनी सांगितले. ही माहिती खरीच आहे. हॅचबॅकमधला हा नेहमीचा दोष आहे आणि तिथे आधी पाहणे योग्यच होते. त्यांनी नळी एका बाजूने सोडवली, आतल्या वायरी थोड्या बाहेर ओढून पाहिल्या, त्या धडधाकट निघाल्या, म्हणून पुन्हा आत ढकलून नळी बसवली. एक फ्यूज तिथेच गेला. दुसरा टिकला, त्यांनी तीनशे रुपये घेतले आणि आम्ही घरी आलो.

टिकलेला तो फ्यूज निळा, म्हणजे पंधरा अँपिअरचा होता, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले. दिवे लावल्यावर दोन-तीन सेकंदांत जळक्या प्लॅस्टिकचा बारीकसा वास आला आणि मग तोही फ्यूज गेला. शेजारच्या आसनावर बाबा बसलेले होते. त्यांचे वय ऐंशी आहे, गाडीतून घाईने बाहेर पडणे त्यांना जमत नाही. या सगळ्या काळात मी खऱ्या अर्थाने घाबरले ती त्या एका संध्याकाळी. फ्यूज हा दिव्यांच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जेवढा प्रवाह न तापता वाहून नेऊ शकते त्याच्या आत फ्यूज तुटावा, असा त्याचा आकडा ठरवलेला असतो. मोठा फ्यूज घातला की तो तुटण्याआधी वायर तापते, तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळते, आणि ती वायर आसनाच्या गालिच्याखालून जात असेल तर पुढे काय होऊ शकते हे सांगण्याची गरज नाही. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना फ्यूजचा रंग आपल्या डोळ्यांनी पाहावा. मी पाहिला नव्हता.

१८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत जो पाऊस झाला तो सर्वांच्या स्मरणात असेल. त्या दोन दिवसांत गाडी जागेवरून हलली नाही. आमच्याकडे पाणी टायरच्या निम्म्यापर्यंतही आले नाही, तरी त्यानंतर दिवे लावताक्षणी फ्यूज जाऊ लागला, तेव्हा सोसायटीत ज्याने त्याने पावसाचेच नाव घेतले. मलाही ते पटले. पुढे ते चुकीचे निघाले.

२३ ऑगस्टला एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दिवसभर ठेवली. तिथल्या मेकॅनिकने फ्यूज काढून त्या जागेवरून गाडीच्या पत्र्यापर्यंत मल्टिमीटर लावला. विजेला सलग वाट मिळाली की हा मीटर वाजतो. मीटर वाजला, म्हणजे शॉर्ट आहे, वायर कुठेतरी थेट पत्र्याला टेकते आहे, असे त्यांनी दाखवले. मग पुढच्या डाव्या हेडलाइटमागे उंदराने कुरतडलेल्या दोन वायरी सापडल्या. त्या खरोखरच कुरतडलेल्या होत्या, मी पाहिल्या. त्यांवर टेप गुंडाळली, म्युझिक सिस्टिमची उजेडाची वायर सुटी केली, नवा फ्यूज घातला. तिथे अर्धा तास दिवे लावून ठेवले तरी फ्यूज गेला नाही. बिल १,८५० रुपये झाले. दिवसाउजेडी घरी आले, रात्री आवारात दिवे लावून पाहिले आणि फ्यूज गेला. सकाळी उठून आणखी एक घातला, तोही गेला. तो अकरावा होता. बाबा खिडकीतून पाहत होते. वर गेल्यावर ते म्हणाले, "नको ठेवूया मग गाडी." त्यांनी हे शांतपणे सांगितले, म्हणून मला ते अधिक लागले.

मीटर का वाजला याचा उलगडा मला दोन आठवड्यांनी झाला, पण तो इथेच सांगते, कारण या ठिकाणी पुष्कळ जण फसत असतील. बल्बमधली तार थंड असताना तिचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) पेटलेल्या अवस्थेतल्या रोधाच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. पाच वॉटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध एकोणतीस ओहमच्या आसपास असतो, थंड असताना दोन-तीन ओहमच. असे सहा बल्ब एकाच फ्यूजवर समांतर जोडलेले असले की एकूण रोध अर्ध्या ओहमवर येतो आणि मीटर शॉर्ट असल्यासारखाच वाजतो. गाडी ठणठणीत असतानाही तो वाजला असता. म्हणून मीटर लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि त्या फ्यूजवरचे सर्व बल्ब काढून ठेवावेत, तरच त्याच्या आवाजाला काही अर्थ राहतो.

गणपतीच्या दिवसांत मी गाडी रात्री बाहेर काढलीच नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे नमुना २५, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो. आमची ती खिडकी २५ ऑगस्टला उघडली होती. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर खासगी चारचाकीला दरमहा पाचशे रुपये विलंबशुल्क पडते. विम्याची आणि पीयूसीची कागदपत्रे तयार होती, फक्त गाडी तयार नव्हती.

शेजारच्या इमारतीत राहणारे काका बेस्टच्या आगारातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले आहेत. आरतीला आले असता बाबांनी त्यांना हे सगळे सांगितले. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाले, "अगं, तू फ्यूज जाळून शॉर्ट शोधते आहेस. फ्यूज एका क्षणात जातो, तेवढ्या वेळात काय दिसणार? त्याच्या जागी बल्ब लाव. बल्ब जळत राहील आणि आपल्याला निवांत बघता येईल." बसमध्ये चोवीस व्होल्ट असतात आणि आपल्या गाडीत बारा, बाकी हिशेब तोच, असेही ते म्हणाले. त्यांनी दिलेली यादी घेऊन ४ सप्टेंबरला मी लोअर परळच्या कार्यालयातून सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. साधा डिजिटल मल्टिमीटर ६५० रुपयांना मिळाला. बारा व्होल्ट एकवीस वॉटचा, इंडिकेटरला वापरतात तो बल्ब आणि त्याचा होल्डर मिळून सत्तर रुपये विक्रोळीतच लागले. काकांनी होल्डरला तीन मीटर लांबीच्या दोन वायरी जोडल्या आणि टोकांना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या पिना दाबून बसवल्या. एवढ्या लांब वायरींचे कारण मला तेव्हा कळले नाही.

७ सप्टेंबरला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊला सुरुवात केली. काकांनी पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. पुढे दोन, मागे दोन आणि नंबरपाटीवर दोन असे पाच वॉटचे सहा बल्ब, म्हणजे तीस वॉट. बारा व्होल्टला अडीच अँपिअर होतात. त्यात गाडीच्या मीटरमागचे बारके बल्ब मिळवले तरी चारच्या पुढे जात नाही. दहाचा फ्यूज तुटायचा तर भार थोडासा वाढून भागणार नाही, कुठेतरी वायरीचे उघडे तांबे थेट पत्र्याला टेकले पाहिजे. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्ह वायर त्याला कुठेही टेकली की वर्तुळ पूर्ण होते. पावसाची शंका मी बोलून दाखवली तेव्हा ते म्हणाले की पाण्याच्या थरातून दहा अँपिअर वाहत नाहीत. पाण्याने तांबे हिरवे पडते, जोड खराब होतात, दिवे मंद होतात, पण फ्यूज असा फटकन जायला धातूला धातूच टेकावा लागतो. आणि दिवे बंद असताना फ्यूज एकदाही गेलेला नाही, त्यावरून दोष दिव्यांच्या बटणाच्या पुढच्या भागात आहे हेही त्यांनी सांगितले.

मग आम्ही सहाही बल्ब काढले. ही पायरी टाळू नये. बल्ब जागेवर ठेवून तपासणीचा दिवा लावला तर शॉर्ट नसतानाही तो बऱ्यापैकी पेटतो, कारण त्यातून इतर बल्बांचा प्रवाह जात असतो, आणि मग फरक कळत नाही. बल्ब काढल्यानंतर फ्यूजच्या जागी तपासणीचा दिवा जोडला. एकवीस वॉटचा बल्ब हातात धरवणार नाही इतका तापतो. तो आसनाच्या कापडावर राहू नये म्हणून चिनी मातीच्या कपात ठेवला. दिव्यांचे बटण फिरवले आणि बल्ब लख्ख पेटला. पेटला याचा मला आनंद झाला. अकरा फ्यूज क्षणात गेले होते आणि आता तोच दोष आमच्यासमोर स्थिर उभा होता. त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच शकत नव्हता, त्यामुळे वायर जळण्याची भीती नव्हती.

यापुढचे काम म्हणजे एकेक भाग सुटा करून बल्बकडे पाहणे. पुढच्या डाव्या दिव्याचा कपलर, म्हणजे वायरींचा सुटा होणारा जोड, काढला, बल्ब तसाच. उजव्याचा काढला, तसाच. म्हणजे उंदराने कुरतडलेल्या वायरींचा याच्याशी संबंध नव्हता. मागच्या दोन्ही दिव्यांचे कपलर काढण्यासाठी मी डिकी उघडली आणि त्याच क्षणी पुढे बसलेल्या बाबांनी हाक मारली, "गेला, बल्ब गेला!" आम्ही धावत पुढे आलो. बल्ब विझलेला होता, अगदी मंद लालसर तार तेवढी दिसत होती. तो मीटरमागच्या बारक्या बल्बांचा प्रवाह होता. डिकी लावली की बल्ब लख्ख पेटे, उघडली की विझे. गॅरेजमध्ये अर्धा तास फ्यूज का टिकला, याचे उत्तर तिथे मिळाले. काम करताना त्यांनी डिकी उघडी ठेवली होती.

सर्वांचे बोट पुन्हा त्या रबरी नळीकडे गेले. काकांनी ती दोन्ही बाजूंनी सोडवली, एकेक वायर नखाने चाचपली, वाकवून पाहिली. पंधरा वर्षांत ती कडक झाली होती, पण कुठेही तडा नव्हता. डिकी लावून, नळी आतून हलवूनही बल्बमध्ये फरक पडला नाही. दुपारचा एक वाजला होता आणि पाऊस सुरू झाला होता. काकांनी काम थांबवले. थकल्यावर वायरिंगला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. त्या दिवशी मिळाले एवढेच की दोष डिकीच्या दारात आहे.

मधल्या आठवड्यात मी बाबांची वही घेऊन बसले. पहिला फ्यूज २ ऑगस्टला गेला, तर त्याआधी गाडीला कोणाचा हात लागला होता हे पाहायचे होते. त्यात एप्रिलची सर्व्हिसिंग होती, जूनमध्ये टायर बदलले होते, आणि १२ जुलै २०२५ ला लिहिले होते : 'नवी नंबरपाटी बसवली, रु. ८७९.' ही उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, जिला सगळे एचएसआरपी म्हणतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व गाड्यांना ती बसवणे सक्तीचे आहे. चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी असा तिचा दर आहे. पाटी स्क्रूने बसवत नाहीत, तर एकदाच वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात. ते आतून फुगते आणि तोडल्याशिवाय निघत नाही. आमच्या गाडीवरची मागची जुनी भोके जुळत नव्हती, म्हणून त्या दिवशी ड्रिलने दोन नवी भोके पाडली होती. मी तिथे उभी होते. मागची पाटी डिकीच्या दारावर असते आणि नंबरपाटीच्या दिव्यांची वायर त्याच पत्र्याच्या आतून जाते. १२ जुलैनंतर आम्ही रात्री गाडी दोनदाच काढली होती, म्हणून या दोन गोष्टी आम्ही कधी जोडून पाहिल्या नाहीत.

मी वही काकांकडे नेली. त्यांनी नोंद वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "रविवारी आतलं पॅनेल काढू."

१४ सप्टेंबरला डिकीच्या दाराचे आतले प्लॅस्टिकचे पॅनेल काढले. ते खटक्यांवर बसवलेले असते. जुने खटके तुटतात, म्हणून आठ-दहा जास्तीचे आधीच आणून ठेवावेत, आमचे दोन तुटले. डिकी उघडी असताना शॉर्ट दिसत नाही, म्हणून मागचे आसन दुमडून काका आत झोपले आणि मी बाहेरून डिकी लावली. तपासणीच्या दिव्याच्या वायरी तीन मीटर का हव्यात हे तेव्हा समजले. कप त्यांच्या उशाशी ठेवला होता आणि बल्ब त्यांना तिथूनच दिसत होता. त्यांनी लाकडी चमच्याच्या दांड्याने वायरिंग जागोजागी हलकेच बाजूला सरकवायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या जागी बल्ब लुकलुकला. डावीकडच्या स्नॅप लॉकचे फुगलेले धारदार टोक आत सुमारे एक सेंटीमीटर आले होते आणि नंबरपाटीच्या दिव्याची हिरवी वायर त्याच्यावर ताणून बसली होती. वायरीचे प्लॅस्टिक चार-पाच मिलिमीटर फाटलेले होते, आतले तांबे काळे पडले होते आणि लॉकच्या टोकावर ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके होते. अकरा फ्यूज तिथे गेले होते.

१६ ऑगस्टनंतर दोष का वाढला, तेही तिथे समजले. ड्रिलने वायर जेमतेम खरवडली होती, त्यामुळे सुरुवातीला डिकी जोरात लावली तरच ती टेकत असे. त्या दिवशी नळीतून वायरी ओढून पाहताना आतली सगळी ढील बाहेर गेली आणि वायर लॉकवर ताठ बसली. तो मोठा पाऊस त्यानंतर दोनच दिवसांनी आला, म्हणून त्याच्यावर आळ गेला. मी त्या इलेक्ट्रिशियनला दोष देत नाही. त्यांनी योग्य जागी पाहिले होते, फक्त वायरिंग परत ढकलताना ती पुढे कुठे जाऊन बसते हे पाहिले नाही.

दुरुस्तीसाठी पाटी काढण्याची गरज पडली नाही, आणि काढूही नये. लॉक तोडले की पाटीसाठी पुन्हा अधिकृत केंद्राकडेच जावे लागते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून काकांनी खराब झालेला तुकडा कापला, दोन इंचांचा नवा तुकडा डाख देऊन जोडला आणि जोडांवर तापवून आवळणारी स्लीव्ह चढवली. स्लीव्ह जोड देण्याआधी वायरीत ओवून ठेवावी लागते, नंतर ती घालता येत नाही. सगळी वायरिंग पन्हाळीसारख्या लवचीक प्लॅस्टिकच्या नळीत घालून लॉकपासून चार बोटे वर केबल टायने बांधली. दोन्ही लॉकच्या टोकांवर रबरी टोप्या बसवल्या, भोकांच्या उघड्या कडांना गंजरोधक रंग लावला. पुढच्या कुरतडलेल्या वायरींवरची टेप काढून तिथेही नीट जोड दिले. यासाठी १४० रुपयांचे सामान लागले. सहा बल्ब परत लावले, लाल फ्यूज बसवला, डिकी दहा वेळा आपटली. दिवे लागलेले राहिले.

बाबांच्या वहीप्रमाणे शोध आणि दुरुस्तीचा एकूण खर्च ३,१२० रुपये झाला. त्यात अकरा फ्यूजचे ११०, इलेक्ट्रिशियनचे ३००, गॅरेजचे १,८५०, मल्टिमीटरचे ६५०, तपासणीच्या दिव्याचे ७० आणि शेवटच्या सामानाचे १४० रुपये आहेत. काकांनी पैसे घेतले नाहीत.

२७ सप्टेंबरला मी पाटी बसवलेल्या केंद्रात गेले आणि तिथल्या व्यवस्थापकांना मोबाइलवर काढलेली छायाचित्रे दाखवली. त्यांनी नवी पाटी बसवून देण्याची तयारी दाखवली. मला ती नको होती, म्हणून मी फक्त एक विनंती लेखी दिली : हॅचबॅकच्या दारावर नवे भोक पाडण्याआधी आतली वायरिंग पाहावी, आणि ते शक्य नसेल तर ड्रिलच्या पात्याला खोली रोखणारी कडी लावावी. अर्जाच्या प्रतीवर त्यांनी पोच दिली. ज्यांच्या गाडीला अलीकडे अशी पाटी बसवली आहे त्यांनी रात्री एकदा डिकी उघडून, लावून, मागचे दिवे तपासावेत, दोन मिनिटांचे काम आहे.

२९ सप्टेंबरला परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर नमुना २५ भरला. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क चारचाकीला पाच हजार रुपये आहे, त्याशिवाय पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तपासणीसाठी ९ ऑक्टोबरची तारीख मिळाली. सकाळी साडेदहाला वडाळ्याला पोहोचलो, आमचा क्रम यायला पावणेदोन तास लागले. ऊन होते, बाबांसाठी पाणी आणि घडीची खुर्ची नेली होती, ती नेल्याचे सार्थक झाले. निरीक्षकांनी चासी क्रमांक ताडून पाहिला, हॉर्न, वायपर आणि इंडिकेटर पाहिले, मग मागे जाऊन म्हणाले, "पार्किंग लावा." मी बटण फिरवले. ते पाटीकडे वाकले, तिच्यावरचे दोन्ही दिवे पाहिले, डिकी उघडायला लावली, पुन्हा लावायला सांगितली आणि कागदावर खूण केली.

नवे नोंदणी प्रमाणपत्र नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आले. त्यावर पुढच्या पाच वर्षांची मुदत आहे. १४ सप्टेंबरला बसवलेला लाल फ्यूज अजून तोच आहे, आणि तपासणीचा दिवा सध्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे, त्यांच्या गाडीच्या हॉर्नचा फ्यूज जातो आहे.